बोटीवरची गॅलरी आणि जेवणाचे टेबल

"आई-बाबांना घेऊन क्रूझवर जाऊ या," असे घरात कोणी म्हटले, की तरुणांच्या डोळ्यांसमोर निळा समुद्र उभा राहतो. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र न्हाणीघराचा उंबरठा येतो, गोळ्यांची डबी येते आणि चार लोकांत शर्टावर सांडलेली आमटी येते. वाचकहो, तुम्ही या दुसऱ्या गटातले असाल, तर पुढचे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. बोटीवरची खोली आणि जेवणाची सोय निवडणे, हे दिसते तसे निव्वळ चैनीचे काम नाही. आपण आपल्या माणसाकडे कसे पाहतो, हे त्या निवडीतून उघड होते. माझ्या बाबतीत ते झाले आणि त्यातले अर्धे मला आवडले नाही.

माझ्या पतींना नऊ वर्षांपासून कंपवात आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. उजवा हात थरथरतो, चाल आखडली आहे आणि दारातून जाताना पाय कधी कधी जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. मूळचे हे देवगडचे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी जात. डेकवर सतरंजी अंथरून झोपायचे आणि वाटेतल्या प्रत्येक बंदराची हाकाटी ऐकायची. देवगडला बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर नेले जाई. पावसाळ्यात बोटी बंद असत. पुढे रस्ते सुधारले, एस.टी. गावोगावी पोहोचली आणि बोटी कायमच्याच बंद झाल्या. "एकदा समुद्रातून देवगड बघायचं राहिलंय," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते.

गेल्या हिवाळ्यात मुलाने मुंबईहून निघणाऱ्या एका जहाजाची चार रात्रींची सफर सुचवली. मुंबई, लक्षद्वीप, गोवा आणि परत मुंबई. महिनाभर मी नाही म्हणत राहिले. मग एके दिवशी हे काहीही न बोलता जुन्या ट्रंकेतून आपली कानटोपी काढून बसले. मी मुलाला होकार कळवला.

दोन निर्णय माझ्याकडे आले. खोली कोणती घ्यायची आणि जेवायचे कोठे. पहिला मी नीट विचार करून घेतला. दुसरा मी भीतीने घेतला.

खोली निवडताना

जहाजावर साधारण चार प्रकारच्या खोल्या असतात. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली सर्वांत स्वस्त. त्यानंतर बंद काचेच्या खिडकीची. मग बाल्कनीची, म्हणजे आपल्या भाषेत गॅलरीची. आणि सर्वांत वर मोठे सूट. आमच्या सहल-प्रतिनिधीने आतली खोली सुचवली. "काकू, खोलीत काय, झोपायलाच तर जायचं," तो म्हणाला. तरुण माणसासाठी हा सल्ला योग्य आहे. परंतु आजारी माणूस दिवसातला बराच वेळ खोलीतच असतो. औषधाचा असर ओसरला की ह्यांना तास-दीड तास हलता येत नाही. तो वेळ चार भिंतींकडे बघत काढायचा, की समुद्राकडे, असा तो प्रश्न होता. शिवाय खिडकीविरहित खोलीत दिवस-रात्र कळत नाही. वृद्धांची झोप आधीच बिघडलेली असते, ती अधिक बिघडते आणि रात्री अंधारात उठताना गोंधळ उडतो. आम्ही जास्तीचे पैसे भरून गॅलरीची खोली घेतली. एका रात्रीची सफर असती, तर कदाचित घेतली नसती.

मात्र गॅलरी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. जहाजाचा नकाशा मागून घ्या आणि तुमची खोली त्यावर कोठे आहे ते पाहा. जहाज लाटेवर चढते-उतरते, तेव्हा त्याची दोन्ही टोके मुलांच्या सीसॉसारखी वरखाली होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी हलतो. वरच्या मजल्यांवर डुलणे अधिक जाणवते, खालच्यांवर कमी. म्हणून खोली जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर असावी. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर लागते. वरच्या मजल्यावर नेमके काय आहे, तेही पाहावे. डोक्यावर नाचगाण्याचे दालन असेल, तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दाराशी नको. काही गॅलऱ्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. पैसे गॅलरीचे द्यायचे आणि बघायची होडीची पाठ, असे होऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उंबरठ्याचा. बोटीवर न्हाणीघराच्या दाराला आणि गॅलरीच्या दाराला बहुधा उंच कड असते. पाणी आत येऊ नये, हा तिचा हेतू. तीच कड आजारी माणसाच्या वाटेत आडवी येते. अपंगांसाठी सोयीच्या खोल्यांत ही कड नसते किंवा उतार केलेला असतो, दारे रुंद असतात आणि न्हाणीघरात धरायला दांडे असतात. पण अशा खोल्या थोड्या असतात, म्हणून चौकशी सर्वांत आधी करावी. आम्ही उशीर केला, त्यामुळे आम्हाला साधीच खोली मिळाली. मी घरून रंगीत चिकटपट्टी नेली होती. दोन्ही उंबरठ्यांच्या अलीकडे जमिनीवर एक ठळक आडवी रेघ चिकटवली. कंपवाताच्या माणसाचे पाय अडले, की "चला, चला" म्हणून उपयोग होत नाही. समोर ओलांडायला रेघ असेल किंवा कोणी "एक, दोन" असा ठेका धरला, तर पाऊल सुटते. परतताना पट्ट्या काढून टाकल्या.

गॅलरीत बसण्याचेही काही नियम आम्ही ठरवले. एकट्याने जायचे नाही. आधी मी दार उघडून वारा किती आहे ते पाहायचे. खोलीचे मुख्य दार आणि गॅलरीचे दार एकाच वेळी उघडायचे नाही, कारण वाऱ्याच्या झोताने जड दार इतक्या जोरात आपटते की बोटे सापडतील. खुर्ची कठड्यापासून लांब आणि भिंतीला टेकवलेली. शेवटचा प्रश्न कोणत्या बाजूचा, आणि तो ह्यांनीच काढला. मुंबईहून दक्षिणेला जाताना जहाजाच्या उजव्या हाताला पश्चिम, म्हणजे सूर्यास्त. परतताना उत्तरेकडे तोंड, तेव्हा त्याच उजव्या हाताला कोकणचा किनारा. "उजवी बाजू माग. जाताना सूर्य, येताना देवगड," हे म्हणाले. नऊ वर्षांत एखाद्या गोष्टीचा हिशेब इतक्या चटकन मांडताना मी ह्यांना पाहिले नव्हते.

बोट लागू नये म्हणून

आपल्याकडे 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग कोकणच्या बोटींइतकाच जुना असावा. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण हलतो आहोत, आणि डोळ्यांना मात्र खोलीच्या स्थिर भिंती दिसतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. अशा वेळी क्षितिजाकडे पाहिले, की दोन्ही साक्षी जुळतात. गॅलरीचा हा एक मोठा फायदा. थोडे थोडे खाणे, आल्याचा तुकडा किंवा आमसूल चघळणे, हे उपायही बरे.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. उलटी आणि चक्कर यांवर आपल्याकडे सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ही औषधे कंपवाताची लक्षणे वाढवू शकतात. शेजारच्या खोलीतील कोणी आपुलकीने गोळी पुढे केली, तरी ती घेऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या मेंदुविकारतज्ज्ञांना विचारून, चालणारे औषध लिहून घ्यावे. आम्ही औषधांची यादी तीन प्रतींत केली होती. त्यातील एक पहिल्याच दिवशी जहाजावरच्या दवाखान्यात नेऊन दिली.

जेवण कोठे घ्यावे

आता माझ्या चुकीकडे येते.

जहाजावर जेवणाचे पर्याय पुष्कळ. एक बुफे, जिथे ताट घेऊन आपण हिंडायचे. एक मुख्य भोजनगृह, जिथे टेबलावर वाढले जाते. अनेक जहाजांवर तिथे लवकरची आणि उशिराची अशा दोन पंगती असतात. त्याशिवाय वेगळे पैसे देऊन जेवण्याची छोटी भोजनगृहे. आणि खोलीत ताट मागवण्याची सोय.

थरथरत्या हातांना बुफे नकोच. हलत्या जमिनीवर एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, आणि मागे रांग. पंगतीची वेळ ठरवताना गोळीची वेळ पाहावी लागते. कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध जेवणाआधी अर्धा ते एक तास, रिकाम्या पोटी घेतलेले चांगले लागू पडते. डाळ, पनीर, अंडी, मासे अशा प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतले, तर शरीरात नीट शोषले जात नाही. याचा अर्थ प्रथिने सोडायची असा नव्हे. वेळा सांभाळायच्या आणि त्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायच्या. मधुमेहींनीही असाच विचार करावा. इन्सुलिन घेऊन उशिराच्या पंगतीची वाट पाहत बसणे धोक्याचे.

हे सगळे मी वहीत लिहिले होते. आणि एवढा अभ्यास करून ठरवले काय, तर सर्व जेवणे खोलीत मागवायची. मुलाला सांगितले, "बाबांना दगदग नको." सुनेला सांगितले, "गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या आहेत." दोन्ही कारणे पटण्यासारखी होती. खरे कारण तिसरे होते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात ह्यांच्या हातून आमटीची वाटी उलटली होती. समोरच्या बाईंनी "अरेरे" म्हणून आपल्या मुलाची खुर्ची बाजूला ओढली. त्यानंतर ह्यांना घेऊन मी कोणत्याही पंगतीला गेले नव्हते. आमंत्रणे आली की मीच काहीतरी सबब सांगत असे. ह्यांना मी एकदाही विचारले नव्हते.

पहिल्या रात्री आम्ही गॅलरीत जेवलो. वारा मंद होता, मागे मुंबईचे दिवे लहान होत गेले. मला वाटले, किती छान जमले. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेळा तेच. मुलगा, सून आणि नातवंडे वर जेवून येत आणि मग आमच्याकडे डोकावत. नातीने विचारले, "आजोबा, तुम्हाला शिक्षा केलीय का?" सगळे हसले. हेही हसले, पण उशिराने.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज लक्षद्वीपजवळ खोल पाण्यात उभे राहिले. बेटावर जायचे, तर लहान बोटीत उतरावे लागते. ते ह्यांना शक्य नव्हते आणि हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याचा त्रास असलेल्यांनी, कोणत्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागते आणि कोठे लहान बोटीने जावे लागते, हे तिकीट काढतानाच विचारावे. मुले बेटावर गेली. आम्ही दोघे गॅलरीत बसलो. खाली लहान बोट पाण्यावर हेलकावत होती आणि खलाशी एकेका प्रवाशाचा हात धरून त्याला उतरवत होते. धिप्पाड पुरुषसुद्धा मुकाट्याने हात पुढे करत होते.

"हे पडावच," हे म्हणाले. "देवगडला खलाशी बखोटीला धरून उतरवायचे. म्हाताऱ्यांना, बायकांना, भटजींना, मामलेदारालासुद्धा. कोणी लाजत नसे. लाट सगळ्यांना सारखीच."

मी काही बोलले नाही. ह्यांचा आवाज आजाराने बारीक झाला आहे आणि समुद्रावर तो नीट ऐकू येत नव्हता, असे मी स्वतःला सांगितले.

संध्याकाळी मी फोन उचलून जेवण मागवू लागले, तेव्हा हे म्हणाले, "आज इथं नको. मला लोकांत बसायचंय."

"अहो, सांडेल."

"सांडू दे. माझं सांडेल. तुझं काय जातं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते तोंडाने सांगण्यासारखे नव्हते. आजार ह्यांना होता आणि लाज मला वाटत होती. ह्यांना जपते आहे असे म्हणत मी दोन वर्षे स्वतःलाच जपत आले होते. काळजीवाहू वाचकांना मी हे मुद्दाम सांगते आहे. आपल्या थकव्याबद्दल आपण बोलतो, आपल्या लाजेबद्दल बोलत नाही. ती मात्र काळजीचे कपडे घालून घरभर वावरत असते.

टेबलावर

मी भोजनगृहात फोन केला आणि अडचण स्पष्ट सांगितली. दाराजवळचे, भिंतीलगतचे टेबल हवे, हातांची खुर्ची हवी, पेला अर्धाच भरावा, पातळ पदार्थ ताटलीऐवजी उंच कडेच्या वाटीत द्यावेत. मला वाटले होते की आढेवेढे घेतील. पलीकडच्या माणसाने प्रत्येक गोष्ट लिहून घेतली आणि उलट विचारले, "आजोबांना चावायला कठीण पदार्थ चालतात का?" तीन दिवस आधी हा फोन करता आला असता.

आठ जणांचे टेबल होते. आमचे कुटुंब सहा जणांचे आणि नागपूरचे एक वयस्कर जोडपे. वाढणारा तरुण गोव्याचा होता. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि त्याच्या घरी ही तिसरी पिढी होती. हे देवगडचे, हे कळताच त्याने इंग्रजी सोडले.

सूप आले. पहिला घोट ठीक गेला. दुसऱ्या वेळी हात जोराने हलला आणि सूप शर्टावर, टेबलाच्या कपड्यावर आणि थोडे नागपूरच्या बाईंच्या बशीपर्यंत गेले. माझा श्वास अडकला. तरुणाने एक कोरडा रुमाल डागावर पसरला, वाटी पुन्हा अर्धी भरली आणि म्हणाला, "सावकाश, काका." बाईंनी आपली बशी पुसली आणि विचारले, "तुम्ही देवगडचे ना? मग एकदा खरं सांगून टाका, बाजारात हापूस म्हणून मिळतो तो असतो तरी का?"

एवढेच. पुढचा पाऊण तास हे आंब्यावर बोलत होते. देठाजवळचा वास, सालीचा पातळपणा, गवतातली अढी, पेटीतले थर. आवाज बारीकच होता, म्हणून टेबलावरचे सारे जण पुढे वाकून ऐकत होते. जेवायला सव्वा तास लागला. बाकीची टेबले रिकामी झाली, पण कोणी घाई केली नाही. मी घरून आणलेला जाड दांड्याचा चमचा ह्यांनी स्वतःहून मागून घेतला. तीन दिवस तो बॅगेतच पडून होता.

गोव्याहून जहाज निघाले, त्या शेवटच्या रात्रीही आम्ही त्याच टेबलावर जेवलो. मग खोलीत येऊन गॅलरीत बसलो. साडेदहा वाजून गेले होते. उजव्या हाताला खूप दूरवर मासेमारी बोटींचे तुरळक दिवे होते आणि त्यांच्याही पलीकडे एक प्रकाश उजळून मावळत होता. "देवगडचं दीपगृह," हे म्हणाले. असेल किंवा नसेल. जहाज किनाऱ्यापासून बरेच आत होते. ह्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो प्रकाश मागे पडेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

निघण्यापूर्वी एवढे करा

औषधे हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठे सामान बंदरावर काढून घेतात आणि ते खोलीत पोहोचायला काही तास लागतात. दोन-तीन दिवसांची औषधे जास्तीची घ्या. चाकाची खुर्ची लागत असेल, तर ती जहाजावर मिळेल असे गृहीत धरू नका. पहिल्या दिवशीची सुरक्षेची कवायत टाळू नका. संकटात लिफ्ट वापरता येत नाही, म्हणून आपल्याला मदत लागेल हे कर्मचाऱ्यांना त्याच वेळी सांगून ठेवा. जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या काही विषाणूंवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा नसतो. जहाजावर उपचार महाग पडतात, तेव्हा प्रवास विमा घेताना जुना आजार त्यात धरला आहे ना, हे वाचून पाहा.

आणि सर्वांत आधी, जहाजाचा नकाशा आणि जेवणाच्या पर्यायांचा कागद आजारी माणसाच्या समोर ठेवा. तुमचे मत नंतर सांगा. गॅलरी जरूर घ्या. थकलेल्या शरीराला, कोणी बघत नाही अशी एक जागा हवीच असते. फक्त ती जागा त्याला लपवण्यासाठी तर आपण घेत नाही ना, हे स्वतःला विचारा.

परत आल्यापासून दर रविवारी आम्ही घराजवळच्या उपाहारगृहात जातो. दाराजवळचे, भिंतीलगतचे टेबल. जाड दांड्याचा चमचा आता माझ्या पर्समध्येच असतो. शर्टावर सांडते. घरी आल्यावर मी तो धुऊन वाळत घालते.